सामना अर्ध्यावर सोडणारा प्रेक्षक

येवल्यात संक्रांतीच्या तीन दिवसांत खेळ अर्ध्यावर सोडून कोणी जात नाही. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस गावातले धाबे, गच्च्या आणि पत्र्याची छपरं माणसांनी भरलेली असतात. दुसरीकडे फिरकी असते, येवल्यात लाकडी आसारी. ती हातात गरगर फिरते, मांजा सुटतो, पेच लागतो, कोणाचा तरी पतंग कटतो आणि शेजारच्या चार गच्च्यांवरून एकच आरोळी उठते. ज्याचा पतंग कटला तो दुसऱ्या पतंगाला कन्नी बांधायला बसतो. करीच्या संध्याकाळी अंधार पडून फटाक्यांची आतषबाजी होईपर्यंत खाली उतरायची कोणाची इच्छा नसते. पुढे रंगपंचमीला टिळक मैदान आणि डी. जी. रोडवर रंगांचे सामने होतात. ट्रॅक्टरवर रंगाच्या पाण्याची पिपं भरून दोन बाजू समोरासमोर येतात आणि एकमेकांना भिजवतात. नाव ‘सामने’ असलं तरी कोण जिंकलं हे कोणी विचारत नाही. तिथूनही भिजल्याशिवाय कोणी परतत नाही.

हीच माणसं दुसऱ्याचा खेळ बघायला जातात तेव्हा मात्र वेगळी वागतात. तालुक्यात कुठेही रात्रीच्या कबड्डीच्या किंवा टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा पाहा. साखळी सामन्यांना मैदानाच्या कडेने चार-चार रांगा उभ्या असतात. उपांत्य फेरीत एखाद्या गावचा संघ हरला की त्या गावची पिकअप सुरू होते आणि भरून निघून जाते. अंतिम सामना सुरू होईपर्यंत निम्मी गर्दी ओसरलेली असते. करंडक दिला जातो तेव्हा आयोजक, दोन संघ, पंच आणि मांडववाला एवढेच उरतात. यावर आयोजक नेहमी एकच बोलतात : लोकांना खेळाची निष्ठा राहिली नाही.

हा आरोप मला पटत नाही. माणूस सामना अर्ध्यावर का सोडतो याची कारणं नीट तपासली, तर त्यातली बरीचशी निष्ठेशी संबंधित नसतात. निष्ठा खरोखर कुठे कमी पडते, ती जागाही मग वेगळीच निघते.

आधी साधी कारणं घेऊ. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीच मिळते. कांद्याला पाणी द्यायचं असेल तर माणसाला मोटार सुरू करायला मळ्यात जावंच लागतं, मग मैदानात दोन्ही संघ बरोबरीत असोत की नसोत. मुक्कामाची एसटी गेली की परतीची सोय राहत नाही. पैठणी विणणाऱ्या कारागिराला मोबदला कामावर मिळतो. पहाटे मागावर बसायचं असेल तर रात्री दोनपर्यंत जागणं त्याला परवडत नाही. आणि बायका? रात्रीच्या सामन्यांना आलेल्या बायका आणि मुली सगळ्यांत आधी उठतात, कारण मैदानापासून घरापर्यंतचा रस्ता अंधारा असतो आणि बहुतेक मैदानांवर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नसतं. चार तास पाणी न पिता बसलेल्या बाईला निष्ठेचा धडा देण्याआधी आयोजकांनी एक फिरतं स्वच्छतागृह आणावं. मुंबईतही वेगळं काही नाही. वानखेडेवरच्या रात्रीच्या सामन्यात शेवटच्या षटकांत जिने भरायला लागतात, कारण चर्चगेटवरून सुटणारी शेवटची लोकल विरार-बोरिवलीच्या माणसासाठी थांबत नाही.

तिकिटाचाही परिणाम होतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामाची तिकिटं काही जणांना पूर्ण दरात आणि काहींना सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त प्रयोगांना हजर राहिले. नाटकं तीच होती, फक्त खिशातून गेलेली रक्कम वेगळी होती. आपल्याकडच्या गावोगावच्या स्पर्धा फुकट असतात, त्यामुळे उठून जाताना काही बुडाल्यासारखं वाटत नाही.

पण अंधार, वीज, एसटी, तिकीट या सगळ्यांहून मोठं कारण खेळाच्या आतच असतं. निकाल कळला की माणूस उठतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉल खेळाडूंच्या बाजारावर लिहिताना सांगितलं होतं की प्रेक्षक येतो तो निकाल ठाऊक नसतो म्हणून. दोन संघांतलं अंतर फार वाढलं तर बलाढ्य संघाचंही नुकसान होतं, कारण त्याचा खेळ पाहायला कोणी येत नाही. खेळाच्या अर्थशास्त्रातला पुढचा बराच वाद या मुद्द्याभोवती फिरला.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचं आहे. तिथे महाविद्यालयीन फुटबॉल आपल्या कल्पनेपलीकडचा मोठा असतो. टस्कलूसा गावातल्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये सुमारे १ लाख माणसं बसतात. अलाबामाचा संघ काही वर्षांपूर्वी इतका वरचढ होता की मध्यंतरापर्यंतच सामन्याचा निकाल लागल्यासारखा असे. सप्टेंबरच्या उन्हात बसलेले विद्यार्थी मग उठून जात. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१९ मध्ये विद्यापीठाने मोबाइलवर एक अॅप आणलं. घरच्या मैदानावरच्या सामन्याला आलं की १०० गुण, चौथ्या म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत थांबलं की आणखी २५०. ज्याचे गुण जास्त त्याला पुढच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांसाठी आधी संधी. विद्यार्थी स्टेडियममध्ये आहे की नाही हे फोन सांगणार! या गुणांना नावच ‘निष्ठेचे गुण’ असं दिलं होतं. मला या योजनेचं वाईट वाटतं. फोन खिशात असलेला मुलगा खुर्चीवर आहे एवढंच त्यातून कळतं. त्याचं लक्ष कुठे आहे हे कळत नाही. आणि तो संघ हरत नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. मुलं जिंकणाऱ्या संघाला सोडून जात होती, कारण पुढे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निकाल कळल्यावर उठून जाण्याची सर्वांत मोठी मराठी कथा प्रेक्षकांची नाही, एका संघाची आहे. डिसेंबर १९४८. पुण्यात रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला होता. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीला आले आणि थांबलेच नाहीत. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकरांच्या त्यात २०५ धावा. धावफलक ४ बाद ८२६ वर पोहोचला तेव्हा निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा त्या वेळचा प्रथम श्रेणीतला जागतिक विक्रम ४५२ नाबाद होता. म्हणजे बरोबरीला ९ धावा आणि विक्रमाला १० धावा कमी. नेमकी तेव्हा खेळाची सुट्टी झाली. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा हे त्यांना नको होतं. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाहीतर आम्ही निघतो, असा त्यांचा पवित्रा होता. विक्रमापुरती दोन षटकं खेळा, ही विनंतीही त्यांनी मानली नाही. संघ सामना सोडून निघून गेला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे. २०१२ साली कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. भारताकडून अधिकृत कसोटी त्यांना कधी खेळायला मिळाली नाही.

काठियावाडच्या खेळाडूंचं थकणं आपण समजू शकतो. पण समोर असं काही घडत असताना पाठ फिरवली, तर जे गमावतो ते पुन्हा मिळत नाही, हे पुण्यातल्या त्या दिवसाने दाखवलं. वानखेडेवर ७ नोव्हेंबर २०२३ ला पाठ फिरवणाऱ्याचंही असंच नुकसान झालं असतं. विश्वचषकात अफगाणिस्तानच्या २९१ धावांपुढे ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१. कोणीही शहाणा माणूस उठला असता. ग्लेन मॅक्सवेलच्या पायांत गोळे येत होते, धावणं जमत नव्हतं, तो जवळपास जागेवर उभा राहून मारत होता. त्याने १२८ चेंडूंत नाबाद २०१ केल्या आणि सामना जिंकून दिला. दुसऱ्या बाजूला पॅट कमिन्सने ६८ चेंडूंत १२ धावा काढून नुसती साथ दिली. या सामन्यात माझं मन कमिन्सच्या १२ धावांवर जास्त जडतं.

अमेरिकेतल्या मायामीत १८ जून २०१३ ला प्रेक्षकांची चांगलीच फजिती झाली. बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना; घरचा संघ शेवटच्या अर्ध्या मिनिटात ५ गुणांनी मागे. शेकडो लोक बाहेर पडले. ५ सेकंद उरले असताना रे अॅलनने ३ गुणांचा फटका मारून बरोबरी साधली, जादा वेळेत संघ जिंकला, आणि बाहेर गेलेले लोक बंद दारांवर थापा मारत उभे होते. नियमाप्रमाणे पुन्हा आत येता येत नव्हतं.

असं क्वचितच होतं, हेही खरं. निकाल लागल्यासारखे दिसणारे बहुतेक सामने तसेच संपतात. प्रत्येक एकतर्फी सामना शेवटपर्यंत पाहायला हवा, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आपल्या मातीतल्या खेळांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं, आणि ती समज मला कोणत्याही अॅपपेक्षा मोलाची वाटते. खो-खो पाहा. एक संघ पहिल्या डावात फार पुढे गेला आणि दुसऱ्याला ते अंतर तोडता आलं नाही, तर सामना ‘एक डाव राखून’ जिंकला जातो. उरलेली पाठलाग-बचावाची पाळी खेळतच नाहीत. कुस्तीतही आज फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की पंच लढत थांबवतात. प्रेक्षकाला उठून जायची वेळ येण्याआधी खेळच थांबतो.

जत्रेतला कुस्त्यांचा हगामा तर प्रेक्षकांना बसवून ठेवण्याचं शास्त्रच आहे. दुपारी हलगी वाजायला लागते तेव्हा आखाड्यात पोरं उतरतात. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग शंभर-दोनशेच्या जोड्या, मग हजाराच्या. प्रत्येक जोड लावताना दोन्ही मल्लांची नावं, गावं आणि वस्तादांची नावं पुकारली जातात. दोघांना आखाड्यात फिरवून लोकांना दाखवतात. जोड विषम वाटली तर लोकच ओरडतात आणि ती बदलावी लागते. रॉटेनबर्ग यांनी जे अर्थशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं ते हगाम्याच्या पंचाला आधीपासून ठाऊक होतं : जोड बरोबरीची लागली तरच माणूस बसेल. इनामाच्या चढत्या क्रमाने शेवटी नंबर एकची कुस्ती येते. तोपर्यंत सूर्य कलतो, पण गर्दी वाढतच जाते. झाडांवर, गाड्यांच्या टपांवर माणसं चढतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधवलेलं खासबाग मैदान खोलगट आहे ते याचसाठी, की मागच्या माणसालाही आखाडा दिसावा आणि उठून पुढे यावं लागू नये. कबड्डीनेही तसा विचार केला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा नियम आला : सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद. त्यामुळे आघाडीवरचा संघ नुसता वेळ काढू शकत नाही. सामन्याची ४० मिनिटं शेवटपर्यंत जिवंत राहतात.

आता निष्ठेकडे येऊ. शेवटपर्यंत बसणं म्हणजे निष्ठा, असं धरलं तर १३ मार्च १९९६ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्समधले प्रेक्षक सर्वांत निष्ठावान ठरतील. विश्वचषकाची उपांत्य लढत, श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग. सचिन तेंडुलकर बाद होईपर्यंत १ बाद ९८ असलेला भारत ८ बाद १२० झाला. लोक उठून गेले नाहीत. त्यांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. त्या रात्री दोन तास आधी निघून गेलेल्या माणसाने क्रिकेटचं काहीच नुकसान केलं नाही.

तीन वर्षांनी, ३१ जानेवारी १९९९ ला, चेन्नईच्या चेपॉकवर याच्या नेमकं उलट घडलं. पाकिस्तानविरुद्ध कसोटी, विजयासाठी २७१ हवे होते. पाठ दुखत असतानाही सचिनने १३६ केल्या. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि ३ गडी हातात होते. भारत २५८ वर आटोपला, १२ धावांनी हरला. चेन्नईचे प्रेक्षक क्षणभर सुन्न झाले आणि मग उभे राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवू लागले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. दोन्हीकडचे प्रेक्षक शेवटपर्यंत थांबले होते. एका ठिकाणी त्यांचं नातं फक्त निकालाशी होतं, दुसऱ्या ठिकाणी खेळाशी.

निकालाशी असलेलं हे नातं समजून घ्यायला रॉबर्ट चियाल्दिनी यांचं १९७६ मधलं संशोधन उपयोगी पडतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांमध्ये सोमवारी वर्गात कोण काय घालून येतं ते मोजलं. शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला असेल तर त्या सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालणारे विद्यार्थी जास्त दिसत. जिंकल्यावर ‘आम्ही’ आणि हरल्यावर ‘ते’ असं बोलणंही त्यांना आढळलं. पुढे इतर संशोधकांनी दाखवलं की अपयशी गटापासून माणूस स्वतःला दूर करतो, आपला त्याच्याशी फार संबंध नाही असं वागतो. उपांत्य फेरीनंतर निघालेल्या त्या पिकअपमध्ये थोडं हेही असतं. संघ हरला, आता इथे ओळखीचं कोणी भेटायला नको. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हरलेल्याच्या बाजूला उभं राहणं त्रासाचंच असतं.

निष्ठेबद्दल मला सर्वांत नेमकं वाटणारं लेखन खेळावरचं नाही. अल्बर्ट हर्शमन हे बर्लिनमध्ये जन्मलेले, नाझींच्या काळात देश सोडावा लागलेले अर्थतज्ज्ञ. १९७० साली त्यांनी एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याचं मूळ नायजेरियातल्या रेल्वेत होतं. रेल्वेची सेवा वाईट होती, तरी ती सुधारत नव्हती. का? कारण ज्यांना सर्वांत जास्त त्रास होत होता, ज्यांनी आरडाओरडा केला असता, ते व्यापारी ट्रककडे निघून गेले होते. मागे उरले ते गप्प राहणारे. हर्शमन म्हणतात, एखादी संस्था बिघडली तर माणसापुढे दोन वाटा असतात : निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा तिसरी गोष्ट आहे. ती माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही आणि म्हणून त्याला बोलायला लावते. म्हणजे निष्ठावान माणूस मुकाट बसत नाही. तो थांबून भांडतो.

मुंबईने हे अलीकडेच पाहिलं. २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. १ एप्रिलला वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. ती मला आवडली नाही. निर्णय घेणारा मालक वर बसलेला होता आणि बोलणी खेळाडूने खाल्ली. पण लोक मैदान सोडून गेले नव्हते, नाराजी सांगायला तिकीट काढून आले होते. त्याच मैदानावर ४ जुलैला, टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून भारतीय संघ परतला तेव्हा, त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. बोलणं संपलेलं नव्हतं, म्हणून नातं जोडता आलं.

मुंबईच्याच आणखी एका सामन्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मे १९९१, वानखेडे, रणजी करंडकाचा अंतिम सामना. कपिल देवच्या हरियाणाने शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचं लक्ष्य ठेवलं. मुंबई ३ बाद ३४. मग दिलीप वेंगसरकर आणि १८ वर्षांचा सचिन. सचिनने ७५ चेंडूंत ९६ केल्या. तो गेल्यावर एकामागून एक गडी पडत गेले आणि शेवटी ११ व्या क्रमांकाचा एबी कुरुविला आला तेव्हा अजून ५० धावा हव्या होत्या. वेंगसरकरांच्या पायात गोळे आले होते, लालचंद राजपूत त्यांच्यासाठी धावत होते. या शेवटच्या जोडीने ४७ धावा जोडल्या. विजय ३ धावांवर आला असताना कुरुविला धावबाद झाला. मुंबई २ धावांनी हरली. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि मैदानातच रडले. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते, शंभराहून जास्त कसोटी खेळले होते, लॉर्ड्सवर तीन शतकं केली होती. ज्यांनी तो दिवस पाहिला ते मुंबईकर आजही जिंकलेल्या अंतिम सामन्यांपेक्षा या हरलेल्या सामन्याबद्दल जास्त बोलतात.

हे सगळं मोठ्या मैदानांवरचं झालं. महाविद्यालयीन खेळाचा प्रश्न आपल्याकडे अगदी उलटा आहे. अलाबामात मुलं लवकर निघून जातात ही तक्रार होती. आपल्याकडे कोणी येतच नाही. येवल्यातली महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. नाशिक विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, तिथून आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’. कबड्डी, खो-खो, कुस्ती, मैदानी खेळ, सगळं असतं. पण प्रेक्षक येणार कसा? स्पर्धा कामाच्या दिवशी, दिवसा, दुसऱ्याच कोणत्या तरी गावच्या महाविद्यालयात. सकाळी पहिली फेरी, संध्याकाळपर्यंत अंतिम सामना, सगळं एका दिवसात उरकायचं. संघ एसटीने जातो, एसटीने येतो. बरोबर एक क्रीडा शिक्षक. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये ‘घरचं मैदान’ असतं, दर पंधरवड्याला आपला संघ आपल्या गावात खेळतो, म्हणून सवय लागते आणि सवयीतून जिव्हाळा येतो. आपल्या मुलींचा खो-खोचा संघ तीन वर्षं खेळला तरी त्यांच्या वर्गमैत्रिणींना तो एकदाही खेळताना दिसत नाही. यात निष्ठेचा दोष नाही, रचनेचा आहे, आणि रचना बदलता येते. विभागीय स्पर्धेतले काही सामने तरी आळीपाळीने तालुक्याच्या गावांत, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ठेवायला कोणतीही मोठी रक्कम लागत नाही.

प्रेक्षकांशिवाय खेळणारी ही मुलं काय करून दाखवतात हे आपल्या शेजारीच दिसलं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर नौकानयन शिकला. दुष्काळी गावातला हा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताचा एकमेव प्रतिनिधी होता आणि १३ वा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २३ ऑगस्टला एकेरी शर्यतीत त्याची तब्येत इतकी बिघडली की तो शेवटचा, सहावा आला; पण त्याने शर्यत सोडली नाही, रेषा ओलांडूनच थांबला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्णपदक जिंकलं. दोन हजार मीटर लांबीच्या त्या पाण्यावर टाळ्या वाजवायला कोणी नसतं.

महाराष्ट्र केसरीच्या जानेवारी २०२० मधल्या अंतिम कुस्तीचंही सांगायला हवं. बालेवाडीत नाशिककडून लढणारा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर होते. दोघंही काका पवार यांच्याच तालमीतले. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने पहिल्यांदा काय केलं, तर हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. निकाल लागताच जे उठून गेले त्यांना हे दिसलं नाही.

तेव्हा आयोजकांना माझी विनंती आहे की अंतिम सामना रात्री दोनला नेऊ नका, तो दहाच्या आत संपवा, मैदानापासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवे लावा आणि बायकांसाठी स्वच्छतागृह ठेवा. निम्मी गर्दी तेवढ्यानेच थांबेल. महाविद्यालयांना विनंती आहे की संघ स्पर्धेला निघतो तेव्हा त्याच्याबरोबर वर्गातल्या वीस मुलांनाही न्या. आणि वाचकांना एवढंच सांगणं आहे की मोटार चालू करायची असेल, शेवटची गाडी असेल, लेकरू पेंगलं असेल, तर खुशाल उठा, कोणाला उत्तर देऊ नका. पण या हिवाळ्यात तुमच्या तालुक्यात मुलींचा खो-खोचा किंवा कबड्डीचा सामना असेल, तर एकदा तिथे जा. अर्धा तास थांबलात तरी चालेल. पुढच्या सामन्याला पुन्हा जा.